जत्रेआधीची तारीख

प्रिय सिद्धी,

पत्र बघून आधी हसशील. रोज फोन होतो, आणि वहिनी शाळेतल्या पोरीसारखी कागद काळे करत बसलीय म्हणशील. हस, तुझा तो हक्कच आहे. पण आपल्या घरात फोन कसा होतो ते तुला ठाऊक आहे. तुझं नाव मोबाईलवर दिसलं की आई तो स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवतात आणि आम्ही सगळी भोवती बसतो, शेजारची यशोदा आली असेल तर तीही. मेसेज लिहावा तर तुझा भाऊ जेवण झाल्यावर माझ्याच मोबाईलवर क्रिकेट बघतो. म्हणून हा कागद. यशोदा उद्या बेळगावला लेकीकडे चाललीय, तिच्या हाती देते. आत बिमलीच्या लोणच्याची कृती आहे असं तिला सांगितलंय. विचारलं तर तूही तेच सांग, नाहीतर गावभर बोभाटा व्हायला वेळ लागणार नाही.

तुझ्या पायांची सूज उतरली का? रात्री कुशीवर झोपतेस ना? किरणभावजी भाकऱ्या थापायला शिकले हे ऐकून आम्ही सगळी हसलो, पण मला मनातून बरं वाटलं. तुझ्या सासूबाई, विमलताई, त्याही तुला जपतात हे तुझ्या आवाजावरूनच कळतं. परवा तू फोनवर म्हणालीस, की तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळाचं डोकं खाली आहे, पाणी भरपूर आहे, आता फक्त कळांची वाट बघायची, आणि घाटातून प्रवास नको म्हणून बाळंतपण बेळगावातच करूया असं विमलताई म्हणतात. त्यावर इकडून कुणी काहीच बोललं नाही. तुला वाटलं लाईन तुटली, तू हॅलो हॅलो करत बसलीस. लाईन तुटली नव्हती. आई भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत होत्या आणि मी आईंकडे. तुझे दिवस भरतात ते नेमके शिरगावच्या लईराईदेवीच्या जत्रेच्या तोंडावर. तू दिवस गेल्याची बातमी दिलीस त्याच संध्याकाळी आईंनी बोटं मोजली होती.

कळांची वाट बघणं म्हणजे आता आपल्याकडे मागासलेपणाच झालाय, बाई. पूर्वी बायका विचारायच्या, दिवस कधी भरतात. आता विचारतात, सिजर कधीचं. वरच्या वाड्यावरच्या भाग्यलक्ष्मीच्या दोन्ही सुनांचं सिजर, माझ्याबरोबर दवाखान्यात नाव घातलेल्या सेजलचं सिजर. अंगणवाडीत डोस पाजायला बायका जमतात तेव्हा एखादी म्हणते मला नॉर्मल झालं, तर बाकीच्या तिच्याकडे अशा बघतात की जणू वाघाच्या तोंडातून सुटून आलीय. कारणं मात्र प्रत्येकीची निराळी. कुणाच्या बाळाच्या गळ्यात नाळ, कुणाचं पाणी कमी, कुणाचं बाळ मोठं, कुणाची कंबर लहान. खरी गरज असलेल्यांना मी नावं ठेवत नाही. सेजलचं रक्त थांबत नव्हतं, त्या दिवशी पोट उघडलं नसतं तर ती आणि तिचा मुलगा दोघंही गेली असती. पण सगळ्या तालुक्यातल्या बाळांच्या गळ्यात नाळ, आणि तीसुद्धा सोमवार ते शुक्रवारच? रविवारी आणि चवथीला कुणाचीच कशी गुंडाळत नाही? मी हे एकदा आईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, तुझी जीभ फार लांब. तुम्हा तिघांना त्यांनी घरातच जन्म दिला, वैजिणीच्या हाताखाली. तुझ्या वेळी तर सकाळी भात लावून आल्या आणि दुपारी तू झालीस, हे त्या आल्यागेल्याला सांगतात. ते सांगताना त्यांचा चेहरा किती खुलतो तू बघितलायस. आणि त्याच आई सिजरची तारीख ठरवायला सगळ्यांच्या पुढे.

त्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. मी पेडण्याची. आमच्याकडे आषाढात नांगर आणि चैत्रात काजू, एवढंच शास्त्र. धोंड म्हणजे काय ते मला या घरात आल्यावर समजलं. तू त्यात वाढलीस, तुला नवल नाही, पण माझं पहिलं वर्ष आठवतं. तुझा भाऊ, एरवी चहात साखर कमी झाली तर तोंड वाकडं करणारा माणूस, जत्रेआधी घर सोडून धोंडांच्या झोपडीत राहायला गेला, विहिरीवर आंघोळ, स्वतः रांधून एकवेळ जेवण, कुणाला शिवायचं नाही. आणि मग हातात वेताची काठी घेऊन होमखणाच्या निखाऱ्यांवरून धावला. मी गर्दीत उभी राहून डोळे गच्च मिटले होते. तो परत आला तेव्हा त्याच्या तळव्यांना साधा फोडही नव्हता. त्या दिवसापासून मीही लईराईला हात जोडते, खोटं कशाला बोलू. तुझ्या बाबांचा खनिजाचा ट्रक खाणीच्या कड्यावरून खाली गेला आणि बाबा जिवंत वर आले, तेव्हा आईंनी देवीला शब्द दिला होता, की या घरातून दरवर्षी एक धोंड येईल, खंड पडणार नाही. बाबा होते तोवर तेच धोंड व्हायचे, त्यांच्यामागे तुझ्या भावानं, गौरेशनं, काठी उचलली. पण घरात मूल जन्मलं की सोयर येतं, अकरा दिवस देवाला हात लावायचा नाही, आणि सोयरातला माणूस धोंडांच्या झोपडीत पाय ठेवू शकत नाही. म्हणजे बाळानं जत्रेच्या आसपास यायचं ठरवलं तर शब्द मोडला. माझ्या बाळानं गेल्या वर्षी नेमकं तेच ठरवलं होतं.

तुला तेव्हा किरणभावजींच्या ऑपरेशनमुळे येता आलं नाही. फोनवर तुला सांगितलं, बाळाचं हृदय कच्चं होतं, देवानं दिलं देवानं नेलं. तू रडलीस, मीही रडले, आणि तो विषय आपण दोघींनी पुन्हा काढला नाही. हृदय कच्चं नव्हतं, सिद्धी. बाळच कच्चं होतं.

माझ्या पाळीचं तंत्र पहिल्यापासून बिघडलेलं, त्यामुळे मला दोन तारखा मिळाल्या होत्या. पाळीवरून मोजलेली तारीख जत्रेच्याच आठवड्यात पडत होती. पहिल्या सोनोग्राफीतली तारीख त्याच्या बऱ्याच नंतरची होती, आणि ती काढणाऱ्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की हीच खरी धरायची. आईंनी पाळीची धरली. खरी म्हणून नव्हे, ती धरली तर जत्रेआधी पंधरवडाभर बाळ बाहेर काढायला मोकळीक मिळत होती, म्हणून. म्हापशाच्या डॉक्टरबाईंनीही तीच धरली. त्यांना मी सोनोग्राफीचं सांगायला गेले तर त्या हसून म्हणाल्या, आठवड्याभराचा इकडेतिकडे फरक असतोच, पोटात राहिलं काय नि बाहेर आलं काय, आता बाळ तयार आहे. त्यांच्या दाराबाहेर इतक्या बायका बसलेल्या होत्या, की पुढचा प्रश्न माझ्या तोंडातच राहिला.

मला कुणी सिजर करणार आहोत असं सांगितलं नव्हतं. तपासायला जाऊया म्हणून आई मला घेऊन गेल्या. मी अंगावरच्या साडीनिशी, हातात नुसती पर्स. वाटेत म्हापशाच्या बाजारातून येताना कैऱ्या घ्यायच्या असं ठरवून गेले होते, मिरचीबरोबर खायला. डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं आणि म्हणाल्या, पाणी कमी झालंय, आता थांबणं बरोबर नाही. मी घाबरले. पाणी कमी म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, पण बाळ आत कोरडं पडलंय असं चित्र डोळ्यांसमोर आलं, आणि मीच म्हटलं, काय ते लवकर करा. नंतर खूप दिवसांनी कळलं, की त्या दिवसाची वेळसुद्धा आईंनी आधीच भटजींना विचारून ठेवली होती. मला टेबलावर घेतलं तेव्हा एक नर्स घड्याळाकडे बघत होती. मला वाटलं तिची ड्युटी संपत असेल.

मुलगी झाली. हिरव्या कपड्यात गुंडाळून कुणीतरी तिला माझ्या तोंडाजवळ आणलं, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ. कान अगदी तुमच्या घरातले, वरून मुडपलेले, तुझ्यासारखे. ती रडली नाही, मांजराच्या पिलासारखी कण्हली, आणि तिला घेऊन गेले. श्वास नीट घेत नाही म्हणून त्याच दुपारी तिला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवलं. तिथल्या लोकांनी तिच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलं नाही, गौरेशच्या पाठचा परेश सगळं बघत होता, तो मला येऊन सांगायचा. मी मात्र म्हापशाच्या खाटेवर. माझे टाके पिकले, ताप चढला, आणि मला हलता येईना. माझ्या लेकीला मी एकदाच बघितलं ते त्या टेबलावर. पुन्हा नाही.

दूध मात्र भरपूर आलं. पहिल्या दिवसापासून असं, की पदर भिजायचा. बांबोळीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईचं दूध नळीनं देऊ, काढून पाठवा. मग माझं तेच एक काम होऊन बसलं. सकाळी उठायचं, टाके धरून बसायचं आणि बाटलीत दूध काढायचं. आई बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत घालायच्या, पणजीच्या बसनं बांबोळीला जायच्या आणि दुपारी रिकामी बाटली घेऊन यायच्या. मी विचारायचे, प्याली? त्या म्हणायच्या, प्याली. किती? सगळं. त्या एका शब्दावर मी दुसऱ्या दिवसापर्यंत जगायचे. सोयर संपलं, गौरेश झोपडीत राहायला गेला. जाण्यापूर्वी बांबोळीला जाऊन काचेतून मुलीला बघून आला आणि मला म्हणाला, हात हलवते ती. त्यानंतर त्याचा फोन बंद, व्रताला बसलेल्या माणसाला कुणी फोन करत नाही. मी देवीला म्हटलं, बाप तुझ्याकडे आहे, लेक तुझ्याकडे आहे, दोघांना सांभाळ.

जत्रेची सकाळ उजाडली. गौरेश तळीवर आंघोळ करून, निखाऱ्यांतून आला तसा थेट म्हापशाला आला, कपाळाला अंगारा, गळ्यातली मोगऱ्याच्या कळ्यांची माळ काढून हातात धरलेली. ती माळ त्याला बांबोळीला न्यायची होती, मुलीच्या खाटेला बांधायला. आई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी त्याला आत येऊ दिलं, माझ्याशेजारी बसवलं, आणि म्हणाल्या, "बाय, तुजें बाळ गेलें गो." कधी, असं त्यानं विचारलं. आज पहाटे, परेशनं पुरलंही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तो आगीत होता त्या वेळी. मी किंचाळले की गप्प बसले ते मला आठवत नाही. गौरेश मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "म्हजें सोंवळें खंय चुकलें?"

हे तू ऐकलेलं नाहीस, म्हणून तुला गेल्या वर्षभरातला तुझा भाऊ कळला नसेल. तू विचारतेस ना, दादा हल्ली फोनवर का बोलत नाही? त्याला वाटतं, त्याच्या व्रतात कुठेतरी खोट राहिली, चुकून कुणाला शिवला, मनात काही वाईट आलं, म्हणून आगीनं त्याला सोडलं आणि त्याच्या लेकीला नेलं. यंदा तो पाडव्यापासूनच अनवाणी फिरतो. माझ्या हातचं खात नाही. मी त्याला किती समजावलं, तुझी काही चूक नाही, ती पहाट आणि ती वेळ हा नुसता योगायोग. मला तरी दुसरं काय ठाऊक होतं?

गेल्या आठवड्यात कळलं. तू बेळगावातच बाळंत होणार म्हणालीस, त्या फोननंतरची गोष्ट. तुझा भाऊ बाहेर गेला होता. मी आईंना म्हटलं, सिद्धी म्हणते ते बरोबर आहे. लेक परक्या घरची, तिचं मूल तिच्या सासरचं, ती तिकडे बाळंत झाली तर आपल्या घराला सोयर लागत नाही, व्रतालाही धक्का नाही, तिलाही घाट नको. सगळं इतकं सरळ आहे. आई म्हणाल्या, पहिलटकरीण लेक सासरी बाळंत झाली तर लोक विचारतील, आई मेली काय हिची? तिला इथंच आणायची, आणि सोयर फिटेल अशा बेतानं आधी मोकळी करायची. मी म्हटलं, माझ्यासारखी? आणि मग मला राहवलं नाही, सिद्धी. वर्षभराचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. तुमच्या त्या तारखेनं माझी मुलगी खाल्ली, असं मी त्यांना तोंडावर बोलले. सुनेनं सासूला असं बोलू नये, पण मी बोलले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

त्या चिडल्या नाहीत. नारळ खोवत होत्या, आडोळीची विळी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, तुला वाटतं तुझं एकटीचंच गेलं? मग त्यांनी सांगितलं. माझी मुलगी जत्रेच्या पहाटे गेली नव्हती. गौरेश झोपडीत गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती गेली होती. परेशनं सह्या केल्या, परेशनं आणि आईंनीच मिळून तिला काजूच्या बागेच्या कडेला पुरलं. बापाला कळवलं असतं तर सुतक लागलं असतं, त्याला झोपडीतून उठावं लागलं असतं, बाबांच्या वेळेपासूनचा शब्द मोडला असता. आणि मला कळवलं असतं तर मी त्याला कळवल्याशिवाय राहिले नसते. म्हणून दोघांनाही नाही. न ऐकलेल्याचं सुतक लागत नाही, एवढं शास्त्र आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग समजलं. मी म्हटलं, आणि बाटली? त्यानंतरचे सगळे दिवस मी दूध काढून देत होते. तुम्ही घेऊन जात होता. ती सगळं प्याली म्हणत होता.

आईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दूद काडलें नासतें जाल्यार गांठी जाताल्यो गो तुका. परत ताप येतालो. तुज्या बऱ्याखातीर हांव बाटली व्हरतालीं." माझ्या भल्यासाठी. दूध छातीत साकळू नये, मला पुन्हा ताप येऊ नये, म्हणून त्या रोज पिशवी घेऊन निघायच्या, म्हापशाच्या बसस्टँडावर दुपारपर्यंत बसून राहायच्या, तिथल्या नळाखाली बाटली ओतून धुवायच्या, आणि परत येऊन मला सांगायच्या, प्याली.

आणि मग त्या म्हणाल्या, हे सगळं गिळलं म्हणून तर देवीनं सिद्धीचं पोट पिकवलं. व्रत मोडलं असतं तर हा दिवस दिसला नसता. माझ्या तोंडावर म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. तुझ्या पोटातलं बाळ हे त्यांना त्या शब्दाचं फळ वाटतं, आणि म्हणून यंदाही तो शब्द पाळायचाच.

सिद्धी, तुझी आई राक्षसीण नाही. माझे टाके त्यांनीच धुतले, नर्सला हात लावू दिला नाही. मी रात्री ओरडत उठायचे तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन त्याच बसायच्या. तुझ्यासाठी त्यांनी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवायला घेतलीत, प्रत्येकाला बारीक किनार. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, चार शिव्या घालून माहेरी निघून गेले असते. देवीवरही माझा राग नाही. तिनं कुणाचं कच्चं बाळ मागितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. राग मला त्या हसऱ्या डॉक्टरबाईंचा येतो, ज्यांना नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पूर्वी असं कुणी म्हटलंच नसतं ना, की बाळ जत्रेआधी काढा. कुणाच्या हातात नव्हतं ते. बाळ येईल तेव्हा यायचं, आणि एखाद्या वर्षी धोंड घरी बसायचा, आणि देवीही समजून घ्यायची. आता हातात आलंय, तर प्रत्येकाला वाटतं आपल्या सोयीनं ओढून काढावं.

तुझ्या भावाला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो झोपडीत जाणार नाही, आणि आईंशी या जन्मात बोलणार नाही. न सांगावं तर तो असाच अनवाणी, स्वतःला खात राहणार. जत्रा झाली की सांगेन. तेव्हा घराचं जे व्हायचं ते होऊ दे.

आता हे आजच का लिहायला बसले ते सांगते. रविवारी तुझा दादा गाडी घेऊन तुला न्यायला येतोय, नवव्या महिन्याची फुलं माळायची आहेत, चार दिवस राहा आणि परत जा, असं तुला काल फोनवर सांगितलं. तू खूश झालीस, कुठली साडी आणू विचारलंस. मी टेबलाशीच बसले होते. सिद्धी, फुलं माळायला घरात कुणालाही बोलावलेलं नाही, नारळसुद्धा काढलेले नाहीत. ठरलंय ते सोमवारचं म्हापसा. आई डॉक्टरबाईंशी बोलून आल्या, भटजींनी वेळ दिली, सकाळची. तुला तपासायला म्हणून नेतील, पोटावर यंत्र फिरवतील, आणि पाणी कमी झालंय म्हणतील. तू घाबरशील आणि तूच म्हणशील, काय ते लवकर करा. तुझ्या भावाला यात काही वावगं वाटत नाही, सगळ्याच बायका करतात असं तो समजतो, त्याच्यावर रागावू नकोस. तो दारात आला की त्याला पाय धुवायला पाणी दे, बसव. तो कुणाच्या हातचं खाणार नाही, शहाळं फोडून दे. आणि मग तुझ्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांग, विमलताईंना पुढे कर, पोटात दुखतंय म्हण, काय वाटेल ते खोटं बोल, पण त्या गाडीत बसू नकोस. गाडी रिकामी परत आली की आई मला विचारतील, तू काही कळवलंस का तिला. मी हो म्हणणार आहे.

तुझीच,
क्षमा वहिनी